वजरी बाजूला ठेवा: मुलाच्या अंगावरचे खवले ओळखायचे कसे

माझा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा त्याच्या मानेवर पहिल्यांदा तपकिरी छटा दिसली. मळ असेल म्हणून आम्ही साय आणि डाळीचं पीठ लावून चोळलं. गेला नाही. पुढे पोटावर आणि पोटऱ्यांवर चकत्या उमटल्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला तडे जातात तशा. बालवाडीत गेल्यावर बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'मान स्वच्छ धुऊन पाठवावे.' त्या संध्याकाळी मी त्याची मान वजरीने घासली. रक्त आलं तेव्हा थांबले. तिथे मळ नव्हताच, हे मला कळायला आणखी तीन वर्षं लागली.

या आजाराला इक्थिओसिस म्हणतात. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा, म्हणून मराठीत कुणी मत्स्यत्वचा म्हणतं. हा एक आजार नाही, आजारांचं कुटुंब आहे. त्यातले काही इतके सौम्य की माणूस जन्मभर 'माझी कातडीच कोरडी' म्हणत राहतो, तर काहींत बाळाला जन्मल्याबरोबर अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. सगळ्यांत समान गोष्ट एकच. त्वचेचा वरचा थर बनवणाऱ्या किंवा वेळेवर झडू देणाऱ्या कुठल्या तरी जनुकात दोष असतो. तो स्पर्शाने पसरत नाही आणि अस्वच्छतेने होत नाही.

आमच्या घरी निदानाला सहा वर्षं लागली, आणि ज्या दिवशी झालं त्या दिवशी वीस मिनिटांत झालं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मुलाला तपासलं, सोबत आलेल्या माझ्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, जरा पँट गुडघ्यापर्यंत वर घेता का?" त्या वीस मिनिटांपर्यंत तुम्ही आमच्यापेक्षा लवकर पोचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

नाशिक जिल्ह्यात हा आजार झाकला जाण्याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे थंडी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ही आमच्याकडे थंडीतली रोजची बातमी असते. पौषात सगळ्यांच्याच पोटऱ्या पांढऱ्या पडतात, टाचांना भेगा जातात, द्राक्षबागेत काम करणाऱ्यांचे हात तर विचारूच नका. त्यात एखाद्या मुलाचे खवले कुणाच्या डोळ्यात भरणार? दुसरं कारण नाजूक आहे. अंगावर सापासारखी नक्षी दिसली की घरातलं कुणी तरी सर्पदोषाचं नाव काढतं, आणि नारायण नागबळीसाठी देशभरातून लोक येतात ते त्र्यंबकेश्वर आमच्या उशाशीच आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पूजा जरूर करावी. पण बाळाच्या आईने गरोदरपणी काय पाहिलं, कुठे पाऊल टाकलं याची चौकशी तिथेच थांबवावी. जनुकातला दोष गर्भ राहतानाच ठरलेला असतो. नंतरच्या ग्रहणाने, नागाने किंवा आईच्या खाण्यापिण्याने तो येत नाही.

सुरुवात फोटोंपासून

पहिली चूक आम्ही हीच केली. दाखवायला गेलो जुलैत. सौम्य प्रकारचा इक्थिओसिस पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना बराच कमी होतो. डॉक्टरांना थोडीशी कोरडी कातडी दिसली आणि त्यांनी तेवढंच औषध दिलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका मलमाने गुण आला असं आम्हाला वाटलं होतं, तो गुणही बहुधा ऋतूचाच होता. मार्गशीर्ष लागला आणि सगळं परत आलं.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत फोटो काढून ठेवा. त्याआधी दोन दिवस अंगाला तेल, क्रीम, उटणं काही लावू नका. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून काढा. पोटऱ्या समोरून आणि मागून, कोपराची आतली घडी, गुडघ्यामागची घडी, मान, कानामागची जागा, पोट, पाठ, काखा, डोक्याची त्वचा, तळहात, तळपाय आणि डोळे मिटलेला चेहरा, एवढे सगळे हवेत. जिथे काहीच नाही त्या जागेचा फोटोही तेवढाच महत्त्वाचा. का, ते पुढे येईलच.

आजवर लावलेल्या प्रत्येक ट्यूबचं रिकामं वेष्टण एका पिशवीत टाकत चला. आमच्या पिशवीतून चार ट्यूब निघाल्या. त्यातल्या दोनमध्ये स्टेरॉइड होतं, एकीत बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र. मेडिकलमधून 'नायट्याची द्या' म्हणून आणलेली होती. अशा मलमांनी मूळ चित्र पुसट होतं आणि लहान मुलाची कातडी पातळ पडते.

कधी सुरू झालं?

हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात आणि आपण हमखास 'लहानपणापासून' असं मोघम उत्तर देतो. त्याने काम भागत नाही. बाळंतपणाची फाइल आणि डिस्चार्ज कार्ड शोधा, जुने फोटो काढा, बाळाला पहिले महिने न्हाऊ घालणाऱ्या मावशींना विचारा. बाळाचं अंग त्यांच्याइतकं कुणीच पाहिलेलं नसतं.

जन्मतःच अंगावर ताणलेला, चकचकीत, प्लास्टिकसारखा पापुद्रा होता का? पापण्या बाहेर उलटलेल्या, ओठ ताणून उघडे? अशा बाळाला कोलोडियन बेबी म्हणतात. तो पापुद्रा काही आठवड्यांत सुटतो आणि खालून कुठला आजार निघेल ते नंतर ठरतं. बहुतेकदा तो पट्टिकायुक्त म्हणजे लॅमेलर इक्थिओसिस किंवा त्याचाच लालसर भाऊबंद असतो. काही भाग्यवान बाळांची कातडी मात्र जवळजवळ पूर्ववत होते. असं बाळ घरी आणून तेल लावत बसण्याजोगं नसतं. त्याच्या अंगातलं पाणी आणि ऊब त्वचेतून निघून जाते, जंतुसंसर्ग होतो. त्याला दमट काचपेटीची आणि नवजात शिशु अतिदक्षता विभागाची गरज असते. पापुद्रा कुणी ओढून काढायचा नाही, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी तर नाहीच.

जन्मतः अंग लाल, जागोजागी फोड आणि सोललेलं होतं, आणि वर्षभरात तिथे जाड, रेघारेघांची कातडी आली, असं असेल तर केराटिन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांतला दोष मनात येतो. या प्रकारात साधारण निम्म्या मुलांच्या घरात आधी कुणालाच आजार नसतो. दोष त्या मुलापासूनच सुरू होतो.

जन्माला आलं तेव्हा कातडी ठीक होती आणि पहिल्या सहा महिन्यांत तपकिरी खवले आले, तेही मुलाला, तर एक्स गुणसूत्राशी जोडलेला प्रकार. माझ्या मुलाचा हाच. आणि सहा महिन्यांनंतर, वर्ष-दोन वर्षांच्या वयात बारीक पांढरा कोंडा पोटऱ्यांवर दिसू लागला तर सगळ्यांत जास्त आढळणारा साधा प्रकार, इक्थिओसिस व्हल्गॅरिस. हा साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. म्हणजे पाच-सातशे पटाच्या शाळेत दोन-तीन मुलं सहज निघतील. एक्सवाला प्रकार मुलग्यांतच, साधारण दोन ते सहा हजारांत एक. लॅमेलर मात्र लाखा-दोन लाखांत एखादं.

खवले कुठे नाहीत, ते पाहा

आता त्या फोटोंकडे या. सगळ्यांचं लक्ष खवल्यांकडे जातं. निदानाची गुरुकिल्ली मात्र मोकळ्या जागांत असते.

साध्या प्रकारात कोपराची आतली घडी आणि गुडघ्यामागची घडी स्वच्छ, मऊ राहते. खवले पांढरे, बारीक, पोटऱ्यांवर जरा मोठे, कडा किंचित उचललेल्या. दंडाच्या मागच्या बाजूला खसखशीसारखे खरखरीत दाणे लागतात. आता तळहात उजेडात धरा. रेषा खोल आणि दाट, चार माणसांच्या रेषा एकाच हातावर काढल्यासारख्या दिसल्या तर ती या प्रकाराची मोठी खूण आहे. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी पडल्याने हे होतं. हेच प्रथिन पुढे विरघळून त्वचेतला ओलावा धरून ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष २००६ मध्ये सापडला, आणि त्याच दोषामुळे इसब आणि दम्याचा धोकाही वाढतो हे कळलं. म्हणून अशा मुलाला घड्यांमध्ये खाजरं इसबही असू शकतं. तेव्हा 'घडी स्वच्छ हवी' हा नियम फसतो आणि तळहात कामाला येतात.

एक्सवाल्या प्रकारात तळहात-तळपाय अगदी नेहमीसारखे असतात. खवले मोठे, गडद, घट्ट चिकटलेले, बहुकोनी. पोट, पाठ, पोटऱ्या, आणि मानेच्या बाजूंना न धुतल्यासारखी काळपट छटा. चेहऱ्याचा मधला भाग मोकळा. मान मळकी पण तळहात मऊ अशी जोडी मुलग्यात दिसली, तर शाळेने चिठ्ठी पाठवायच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं असं मी ठामपणे सांगेन.

लॅमेलरमध्ये मोकळी जागा जवळजवळ उरतच नाही. चेहरा, घड्या, डोकं, सगळीकडे ताटलीसारखे जाड खवले, पापण्या ओढलेल्या, तळवे जाड.

वंशवृक्ष, आणि दोन वेळा मामा

एक कोरा कागद घ्या. मुलाला मध्ये काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्याला खवले होते किंवा आहेत त्याचं चिन्ह भरून टाका. आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन पिढ्या काढा. गेलेली माणसं, लहानपणी वारलेली मुलं, गर्भपात, काही सोडू नका. हे काम फोनवर होत नाही. दिवाळीत किंवा एखाद्या लग्नात चार म्हाताऱ्या माणसांजवळ बसून करा, आणि 'आजार होता का' असं विचारू नका, कारण उत्तर 'नाही' येतं. विचारा, "थंडीत कुणाचे पाय खूप फुटायचे? कुणाची मान काळी होती? अंथरुणात कुणाचा कोंडा पडायचा?" मी माझ्या आईला असं विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "आमच्या दादांचा. सकाळी त्यांची गोधडी बाहेर झटकावी लागायची."

दादा म्हणजे तिचे वडील. मग माझा भाऊ. मग माझा मुलगा. मधल्या आई आणि मी, दोघींची कातडी लख्ख. आजोबाकडून मुलगी, तिच्याकडून तिचा मुलगा, असा हा आजार बाईच्या अंगातून गुपचूप वाट काढतो. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, एकावर दोष असला तरी दुसरं काम चालवतं. मुलग्याकडे एकच. म्हणून पहिला प्रश्न: मुलाच्या मामाला आहे का? मावशीच्या मुलाला? आईच्या वडिलांना? बापाला आणि त्याच्या मुलाला दोघांना खवले असतील तर एक्सवाला प्रकार जवळजवळ बाद, कारण बाप मुलग्याला एक्स देतच नाही. तशा घरात प्रत्येक पिढीत, मुलग्यांना आणि मुलींनाही दिसत असेल तर साधा प्रकार किंवा केराटिनचा.

मामाचा दुसरा प्रश्न वेगळ्या कारणासाठी. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. लॅमेलर आणि त्याच्यासारखे जड प्रकार अव्यक्त असतात. आई आणि वडील दोघांकडून एकेक दोषी प्रत आली तरच मूल आजारी होतं. नवरा-बायको मुळात एकाच आजी-आजोबांची नातवंडं असतील तर दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे ती प्रत असेल तर अशा जोडप्याला प्रत्येक गर्भारपणात पंचवीस टक्के धोका राहतो, पहिलं मूल धडधाकट असलं तरी. डॉक्टरांनी 'नात्यात लग्न झालंय का' विचारलं तर संकोचू नका. त्या दोन शब्दांनी तपासाची दिशा ठरते.

वंशवृक्षावर माझ्या दृष्टीने आणखी एक नोंद हवीच, आणि ती बहुतेक कागदांवर नसते. बाळंतपण कसं झालं? माझे दिवस उलटून गेले तरी कळा नीट आल्याच नाहीत, शेवटी सिझेरियन झालं. भावाच्या वेळी आईने दोन रात्री काढल्या होत्या. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो. एक्सवाल्या प्रकारात स्टेरॉइड सल्फटेज नावाचं विकर नसतं. बाळाच्या वारेतही तेच नसल्याने आईच्या शरीरात एस्ट्रिऑल हे संप्रेरक कमी बनतं आणि कळा सुरू व्हायला उशीर होऊ शकतो. तेच विकर त्वचेत नसल्याने कोलेस्टेरॉल सल्फेट साचतं आणि जुन्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात. मानेवरचा 'मळ' आणि अडलेलं बाळंतपण यांचं मूळ एकच आहे हे ऐकलं, तेव्हा मी दवाखान्यात रडले.

कातडीपलीकडे

ही तपासणी घरीही करता येते. मुलग्याची दोन्ही अंडं अंडकोषात उतरली आहेत का? एक्सवाल्या प्रकारात ती न उतरण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर शल्यचिकित्सकांना दाखवायला हवं. मुलगा मोठा असेल तर त्याला वास येतो का, हेही बघा. हिंगाची डबी पुरते. क्वचित शेजारची जनुकंही गळालेली असतात, तेव्हा वासाची जाणीव किंवा उंची यांवर परिणाम होतो. डोळ्यांच्या बुबुळावर बारीक ठिपके असू शकतात, ते नेत्रतज्ज्ञालाच दिसतात आणि नजरेला अपाय करत नाहीत.

केस तुटके, आखूड, अंग सतत लाल आणि जोडीला ॲलर्जी असेल तर नेदरटन सिंड्रोम या दुर्मीळ प्रकाराचा विचार होतो. पाय ताठ, चालायला उशीर, बुद्धीची वाढ मंद असेल तर मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर लागतात. ऐकू कमी येत असेल तर आधी कानातले खवले काढून घ्या, मग श्रवणचाचणी करा. आणि उन्हात मूल लालबुंद होतं पण घाम येत नाही, हे दिसलं तर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ती गंभीर बाब आहे. इथे पारा चाळिशी गाठतो. अशा मुलाला दुपारी बाहेर सोडू नये, ओला सुती सदरा घालावा, आणि ताप चढून ते सुस्त झालं तर वाट पाहू नये.

हे दुसरंच काही नाही ना?

इसबाला प्रचंड खाज असते आणि ते घड्यांत बसतं. नायट्याला गोल कडा असते आणि तो वाढत जातो. थायरॉइड कमी असलं तरी कातडी कोरडी, खडबडीत होते, त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते. डोळे मिटवून कापसाची पेळू फिरवली तर ती कळत नाही. इक्थिओसिसमध्ये स्पर्श शाबूत असतो. कुष्ठरोगाच्या उपचारातल्या क्लोफाझिमिनमुळेही कातडी गडद आणि खवलेदार होऊ शकते, तेव्हा चालू औषधं सांगायला विसरू नका.

मोठ्या माणसाला चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच असे खवले आले तर हा लेख त्याच्यासाठी नाही. तो आनुवंशिक आजार नसतो असंच धरून चालावं. लसिका ग्रंथींचा कर्करोग, एचआयव्ही, मूत्रपिंडाचे आजार यांची ती पहिली खूण असू शकते. त्याने फिजिशियनकडे लवकर जावं.

डॉक्टरांकडे

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. सुरगाणा, पेठसारख्या भागात राहणाऱ्यांनी हा दिवस चुकवू नये, कारण तिथून जिल्हा पातळीवर पाठवायची चिठ्ठी मिळते. शहरात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. सोबत फोटो, वंशवृक्ष, ट्यूबांची पिशवी, बाळंतपणाची फाइल न्या, आणि शक्य असेल तर खवले असलेल्या नातेवाइकालाही न्या. आमच्याकडे निकाल त्यानेच लावला.

साध्या आणि एक्सवाल्या प्रकारात अनुभवी डॉक्टरांचं निदान बहुधा नजरेनेच होतं. मग तपासण्या कधी? प्रकार ठरत नसेल, अंगात इतर दोष असतील, किंवा पुढच्या बाळाचा प्रश्न असेल तेव्हा. बायॉप्सी म्हणजे भूल देऊन डाळीएवढा तुकडा काढणं. साध्या प्रकारात त्वचेचा दाणेदार थर पातळ किंवा गायब दिसतो, एक्सवाल्यात तो शाबूत असतो, आणि केराटिनच्या प्रकारात पेशींचं चित्र इतकं खास असतं की तिथेच निकाल लागतो. लॅमेलर गटात मात्र बायॉप्सी फारसं सांगत नाही, तिथे जनुक तपासणीच हवी, कारण दहाहून जास्त वेगवेगळी जनुकं तो आजार घडवू शकतात. रक्ताची साधी काचपट्टीही कधी मोलाची ठरते. पांढऱ्या पेशींत चरबीचे थेंब दिसले तर यकृताशी जोडलेला एक दुर्मीळ प्रकार सापडतो.

जनुक तपासणी करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: "या चाचणीत गळालेलं जनुक दिसेल का?" एक्सवाल्या प्रकारात नव्वद टक्के रुग्णांत स्टेरॉइड सल्फटेज बनवणारं एसटीएस हे संपूर्ण जनुकच गायब असतं. फक्त अक्षरांच्या चुका शोधणारी चाचणी ते हुकवू शकते. त्यासाठी फिश किंवा मायक्रोॲरे या चाचण्या योग्य. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर आजार सिद्ध झाला असं नाही आणि नाकारलाही गेला असं नाही. आईवडिलांचं रक्त तपासून तो पुढे सुटतो. अहवाल व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवण्याआधी आनुवंशिकता समुपदेशकाशी बोला. मुंबईचं केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परतता येतं, पण जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या.

निदान होईपर्यंत

वजरी, घासणी, डाळीचं पीठ बंद. दहा मिनिटं कोमट पाण्यात अंघोळ, मऊ कापडाने हलकं चोळणं, अंग टिपून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं मलम लावणं, आणि हे दिवसातून दोनदा. महागडं काही लागत नाही, भरपूर लागतं. आमच्याकडे हिवाळ्यात मोठी डबी आठवड्याला संपते. युरियाचं मलम मोठ्या मुलांना छान लागू पडतं पण भेगांवर झोंबतं. तान्ह्या बाळाच्या अंगभर युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड लावणं धोक्याचं आहे, ते त्वचेतून रक्तात जातं. जड प्रकारात डॉक्टर ॲसिट्रेटिनच्या गोळ्या देतात. त्या मुलीला किंवा बाईला दिल्या जात असतील तर बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू देता येत नाही, हे तिला स्वतःला, तिच्या भाषेत, सांगितलं गेलं पाहिजे.

शाळेसाठी डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या की हा आजार संसर्गजन्य नाही. मी त्या वर्गशिक्षिका बाईंना दिल्या. त्यांनी त्या वाचल्या, दुसऱ्या दिवशी स्वतः वर्गात मुलांना समजावलं, आणि माझ्या मुलाच्या शेजारी बसायला दोन मुलं तयार झाली.

उपचाराने हा आजार मुळापासून जात नाही. पण निदान झाल्यावर आमच्या घरी एक गोष्ट करायची राहिली होती. खवले असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांना त्याच्याकडून हा आजार मिळत नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक असते, म्हणजे तिच्या एका एक्सवर तो दोष असतो. म्हणजे माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, वाहक आहेच. तिला मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. ती आता सात महिन्यांची गरोदर आहे, दिंडोरीला सासरी असते. तपासण्यांत एस्ट्रिऑल कमी आलं तर उगाच घाबरू नये, आणि दिवस भरल्यावर कळांची वाट किती पाहायची ते डॉक्टरांनी आधीच ठरवावं, म्हणून मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले आणि आमचा वंशवृक्ष तिच्या फाइलच्या पहिल्या पानाला टाचून आले.